कोश मिटून ठेवून घडवलेली परिभाषा

१

काही महिन्यांपूर्वी एका प्रबंधाच्या मौखिक परीक्षेस बहिःस्थ परीक्षक म्हणून जाण्याचा प्रसंग आला. विषय होता वऱ्हाडी कादंबरीतील कृषिजीवन. प्रबंध चारशे पृष्ठांचा, बांधणी देखणी आणि संदर्भसूची भरगच्च होती. सूचीच्या आरंभीच 'कोशवाङ्मय' असे स्वतंत्र शीर्षक देऊन मोल्सवर्थ, दाते-कर्वे, केतकरांचा ज्ञानकोश, मराठी विश्वकोश आणि भाषा संचालनालयाचे तीन परिभाषा कोश नोंदवलेले होते. प्रबंधाच्या तळटीपांत मात्र 'तिफन' म्हणजे नांगराचा एक प्रकार, 'डवरणी' म्हणजे हाताने तण काढण्याची क्रिया आणि 'उलंगवाडी' म्हणजे उलथापालथ, असे अर्थ दिलेले होते. उमेदवार अकोल्याचा; त्याचे आजोबा कास्तकार. मी त्याला एवढेच विचारले की, सूचीतील दाते-कर्वे यांच्या कोशातील कोणती नोंद त्याने या प्रबंधासाठी पाहिली? तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, कोश सूचीत घालावेच लागतात."

हे उत्तर ऐकून परीक्षा-मंडळात हशा पिकला. मीही हसलो. परतीच्या प्रवासात मात्र ते हसू टिकले नाही. कारण घरी आल्यावर मी माझा स्वतःचा प्रबंध काढून पाहिला. त्याच्या सूचीत अकरा कोशांची नावे आहेत. त्यांपैकी किती मी खरोखर उघडले होते, हे आठवण्याचा प्रयत्न केला तेव्हा चारांच्या पुढे गाडी जाईना. तेव्हा प्रस्तुत लेखातील आक्षेपाचा पहिला मानकरी प्रस्तुत लेखकच आहे, हे आरंभीच नमूद केलेले बरे.

आक्षेप असा आहे : मराठीत शास्त्रीय स्वरूपाचे लेखन करणारे आपण सारे, मग ते समीक्षालेखन असो, प्रबंध असो वा कीटकनाशकाच्या डब्यासोबतचे माहितीपत्रक असो, हाताशी असलेली संदर्भसाधने वापरत नाही, ती नावापुरती मिरवतो. आणि ती न वापरल्यामुळे जी पोकळी राहते ती प्रत्येक जण स्वतःच्या टांकसाळीत पाडलेल्या शब्दांनी भरून काढतो. मराठीत परिभाषा नाही, ही तक्रार गेली कित्येक दशके आपण करीत आहोत. वस्तुतः मराठीत परिभाषा नको तितकी आहे. परिभाषेचा माग तेवढा नाही.

२

'तिफण' हा शब्द मोल्सवर्थने नोंदवलेला आहे. त्याच्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत निघाला. १९५० मध्ये त्याची पुरवणी आली. या कोशात प्रादेशिक शब्दांपुढे प्रदेशाची खूण आहे, आणि वऱ्हाडी शब्दांपुढे कंसात 'व.' असे एक अक्षर आहे. हे एक अक्षर मला फार मोलाचे वाटते. कोणीतरी नव्वद वर्षांपूर्वी वऱ्हाडातील शब्द गोळा करून पुण्याला पाठवले, कोणीतरी ते पारखले, आणि ते मराठीच्या सर्वांत मोठ्या कोशात आमच्या नावाच्या खुणेसह बसवले. १९१० चे अकोला जिल्ह्याचे आणि १९११ चे अमरावती जिल्ह्याचे गॅझेटियर घ्यावे, तर तेथेही शेतीच्या अवजारांची माहिती मिळते. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ च्या सातव्या खंडात वऱ्हाडी बोलीचे नमुने आहेत. म्हणजे ज्या तळटीपा आमच्या उमेदवाराने अंदाजाने लिहिल्या, त्यांसाठीची साधने त्याच्या जन्मापूर्वीच तयार होती.

असे का घडते, याचे एक कारण समीक्षेच्या परंपरेतच आहे. वऱ्हाडी ही आपल्या समीक्षेला चव म्हणून चालते, ज्ञान म्हणून चालत नाही. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) विषयी लिहिताना बोलीचा गोडवा, बोलीचा अस्सलपणा, बोलीचे सामर्थ्य यांवर परिच्छेदच्या परिच्छेद खर्ची पडले आहेत. पण त्या बोलीतील एखादा शब्द नेमका कोणत्या वस्तूचे वा क्रियेचे नाव आहे, ते कोठे नोंदवलेले आहे आणि कादंबरीतील वापर त्या नोंदीहून वेगळा आहे का, असा प्रश्न क्वचितच विचारला जातो. गोडवा म्हटले की काम भागते. गोडव्याला कोश लागत नाही.

दुसरे कारण अधिक प्रतिष्ठित आहे. नव्या सिद्धान्तांना नवी परिभाषा हवी, जुने कोश त्यांना पुरे पडत नाहीत, असे आमचे समीक्षक-मित्र म्हणतात. यात तथ्य आहे. पण किती, ते पाहू. 'डिस्कोर्स' या एका शब्दासाठी आपल्या समीक्षेत संकथन, चर्चाविश्व, संभाषित, प्रोक्ती अशी नाणी चालतात. 'डीकन्स्ट्रक्शन'साठी विरचना, विखंडन, विघटन. 'हेजिमनी' कोणाकडे वर्चस्व होते, कोणाकडे धुरीणत्व. एकाच चर्चासत्रात सकाळच्या सत्रातील निबंधवाचक 'चर्चाविश्वा'विषयी बोलतो, दुपारचा 'संकथना'विषयी, आणि दोघे एकाच गोष्टीविषयी बोलले हे श्रोत्यांपैकी केवळ त्यांनाच कळते ज्यांना मनातल्या मनात मूळ इंग्रजी शब्द घालता येतो. एम. ए. च्या वर्गातील ज्या विद्यार्थ्यासाठी ही सारी खटपट चालली आहे, असे आपण म्हणतो, तो नेमका तिथेच बाहेर राहतो. मराठी समीक्षा समजण्यासाठी इंग्रजी शब्द आधी ठाऊक असावा लागतो, अशी ही विपरीत अवस्था आहे. आणि ती आणली आहे मराठीच्या अभिमान्यांनीच.

प्रश्न एकापेक्षा अधिक पर्याय असण्याचा नाही. पर्याय स्पर्धा करतात आणि एखादा टिकतो. 'संहिता' असाच टिकला. प्रश्न आहे तो, दुसऱ्याने आधी काय म्हटले आहे हे न पाहता तिसऱ्याने बोलण्याचा. भाषा संचालनालयाचा 'साहित्य समीक्षा परिभाषा कोश' आहे, 'भाषाविज्ञान व वाङ्मयविद्या परिभाषा कोश' आहे. २००१ मध्ये 'वाङ्मयीन संज्ञा-संकल्पना कोश' आला, तो केवळ प्रतिशब्दांची यादी देत नाही तर संकल्पनेची चर्चा करतो. त्याच्या संपादकांपैकी प्रभा गणोरकर आणि वसंत आबाजी डहाके या दोघांनी अमरावतीत दीर्घकाळ अध्यापन केले आहे. तेव्हा तो आमच्यापासून फार दूरचा ग्रंथ नव्हे. एखाद्याला त्यातील संज्ञा पटणार नाहीत, न पटोत. 'मी अमुक कोशातील अमुक पर्याय पाहिला, तो मला या कारणासाठी अपुरा वाटतो, म्हणून मी हा योजतो' असे एक वाक्य लिहिण्यास कोणाची हरकत आहे? हे एक वाक्य गेल्या पंचवीस वर्षांतील किती समीक्षाग्रंथांत आढळते, ते वाचकांनी आपापल्या कपाटाजवळ जाऊन पाहावे. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथातील भूमिका आपल्याला मान्य होवो न होवो, तेथे संज्ञा कोठून आली आणि कोणत्या अर्थाने वापरली आहे याचा माग वाचकाला लागतो. तो शिरस्ता पुढे का चालला नाही?

कोशांविषयीची ही बेफिकिरी कोठून आली असावी याचा विचार करताना मला एक जुनी कोटी आठवते. भाषा संचालनालयाची स्थापना १९६० ची. त्याचा 'पदनाम कोश' १९६२ मध्ये निघाला आणि आचार्य अत्र्यांनी त्याची 'बदनाम कोश' म्हणून टर उडवली. कोटी उत्तम होती. कोशातील कित्येक पदनामे त्या टवाळीस पात्रही होती. पण अत्र्यांनी तो कोश उघडून, वाचून मग टवाळी केली होती. नंतरच्यांनी टवाळी तेवढी वारशाने घेतली आणि वाचण्याचे कष्ट अत्र्यांकडेच ठेवले. शासकीय परिभाषा म्हणजे हास्यास्पद, हे आज प्राध्यापकांच्या खोलीत गृहीतच धरले जाते. आणि ज्याने एकही परिभाषा कोश हाताळलेला नाही तोही ते तितक्याच ठामपणे म्हणतो. आता हे कोश संगणकावर विनामूल्य पाहता येतात, म्हणजे ग्रंथालय लांब आहे ही सबबही उरलेली नाही.

अर्थात, कोशात आहे म्हणून डोळे मिटून वापरावे, असेही मी म्हणत नाही. रघुनाथपंतांच्या नावावर असलेल्या राज्यव्यवहारकोशाने फार्सी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले. त्यांपैकी काही रुजले. पण पुढे पेशवाईतही 'फडणीस' फडणीसच राहिले. कोश हा हुकूम नव्हे. ती आधी झालेल्या विचाराची नोंद आहे. नोंद वाचून ती नाकारणे हे पांडित्य झाले. ती न वाचता नवे घडवणे याला माझ्याजवळ सौम्य शब्द नाही.

३

समीक्षेत या बेफिकिरीची किंमत फार मोठी नसते. 'संकथन' न कळल्याने कोणाचे काही बिघडत नाही, फार तर एखादा विद्यार्थी मराठी सोडून समाजशास्त्राकडे जातो. पण हीच सवय घेऊन आपले पदवीधर बाहेर पडतात आणि अनुवादक, पत्रकलेखक, माहिती-अधिकारी होतात. शास्त्रीय लेखनाचा मोठा भाग तेथे तयार होतो, आणि तेथे प्रकरण अंगाशी येऊ शकते. म्हणून साहित्याच्या नियतकालिकात कापसाविषयी चार गोष्टी लिहितो. वाचकांनी त्या विषयांतर समजू नयेत.

२०१७ च्या खरीप हंगामात, ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान, आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. कारणे अनेक होती. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, उष्मा, संरक्षक साधनांचा अभाव, दोन-तीन औषधे एकत्र कालवण्याची रीत, बाजारातील अनिर्बंध विक्री. मराठीचा एक प्राध्यापक उठून त्या मृत्यूंचे खापर परिभाषेवर फोडू लागला तर तो निव्वळ उथळपणा होईल. पण त्या दिवसांत या डब्यांसोबतची माहितीपत्रके मी गोळा करून वाचली, आणि भाषेचा अभ्यासक म्हणून मला जे दिसले ते सांगणे माझे काम आहे.

१९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे डब्यासोबत हिंदी, इंग्रजी आणि त्या भागात चालणाऱ्या प्रादेशिक भाषेतील पत्रक असावे लागते. डब्यावर विषारीपणाच्या चढत्या क्रमाने हिरवा, निळा, पिवळा आणि लाल अशा रंगांची खूण असते. हिरव्याचा अर्थ 'किंचित विषारी' असा आहे. 'निर्धोक' असा नव्हे. मग मराठी पत्रकाचे काम काय? हा फरक वाचणाऱ्याच्या मनात रुजवणे. माझ्यासमोरच्या पत्रकांपैकी एकात जे औषध झाडाच्या अंगात भिनते त्याला 'प्रणालीगत' म्हटले होते. दुसऱ्यात, बहुधा अनुवादक कंटाळला असावा, इंग्रजी शब्दच नागरीत उतरवला होता. आता कृषिलेखनात या अर्थाने 'आंतरप्रवाही' हा शब्द दीर्घकाळ रुळलेला आहे. वर लागून मारणारे ते 'स्पर्शजन्य', आत भिनणारे ते 'आंतरप्रवाही'. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची स्थापना १९६९ ची. तेव्हापासून तेथील शास्त्रज्ञ, कृषी विभाग आणि शेतीची नियतकालिके यांनी मिळून ही परिभाषा घडवली, आणि कृषी केंद्राच्या फळीवर बसलेला माणूसही ती ओळखतो. पत्रक लिहिणाऱ्याने ती शोधलीच नाही. त्याने शब्दांचा एक सामान्य कोश उघडला असेल किंवा तोही नसेल. आता तर यंत्र क्षणात प्रतिशब्द देते, आणि तो कोठून आणला हे सांगण्याचे बंधन यंत्रावर नाही.

याउलट जेथे आधीच्या साधनांचा आधार घेतला गेला तेथील काम पाहावे. कापसावरील रसशोषक किडींची मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी ही नावे इतकी पक्की बसली आहेत की त्यांना कोणी परिभाषा म्हणतही नाही. पानांवर दह्याचे शिंतोडे उडावेत तसे डाग पडणाऱ्या रोगाचे नाव 'दहिया'. पाने लाल पडण्याची विकृती ती 'लाल्या'. नराला मादीच्या गंधाने भुलवून पकडणारा तो 'कामगंध सापळा'. हा शब्द घडवणाऱ्याला कविता कळत असली पाहिजे. आणि गुलाबी बोंडअळीने ग्रासलेले, पाकळ्या एकमेकींत गुंतून मिटलेले फूल म्हणजे 'डोमकळी'. या एका शब्दात रोगाचे लक्षणही आहे आणि ते शेतात कसे ओळखावे याची सूचनाही आहे. शास्त्रज्ञाने तो शेतकऱ्याकडून उचलला, म्हणजेच जिवंत संदर्भसाधन वापरले.

येथे कोणी म्हणेल की, मग कोशाची गरजच काय, शेतकऱ्याला विचारले की झाले! तर तसेही नाही, आणि या मुद्द्यापाशी थोडे थांबले पाहिजे. विषावरच्या औषधाला आमच्या बोलीत 'उतारा' म्हणतात. पत्रकांत त्याच्या जागी 'प्रतिविष' असते, 'विषप्रतिरोधक' असते. प्रथमदर्शनी वाटते की, सरळ 'उतारा' लिहावे. पण कोश उघडला की दिसते, 'उतारा' या एका शब्दाखाली नक्कल, विषावरचे औषध, अंगावरून उतरून टाकायचा पदार्थ असे भिन्न अर्थ एकत्र नांदत आहेत. शिवाय कास्तकाराच्या तोंडी तो रात्रंदिवस असतो तो सातबाराचा उतारा म्हणून; जिनिंगमध्ये तो रुईचा उतारा असतो, म्हणजे कापसातून निघणारे रुईचे प्रमाण. आणि जेथे बाहेरची बाधा उतरवण्यासाठी भाकर-लिंबू ओवाळून टाकतात तेथे त्याच शब्दाने भलताच उपचार सुचण्याची शक्यता आहे. म्हणून पत्रकात 'विषावरचा उतारा' असे पूर्ण लिहावे लागेल, आणि लगेच पुढे 'हा केवळ डॉक्टरांनी द्यावयाचा आहे' असे म्हणावे लागेल. हा निर्णय शेतकऱ्याला विचारून होत नाही आणि केवळ कोश पाहूनही होत नाही. दोन्ही साधने समोरासमोर ठेवावी लागतात. शास्त्रीय लेखनातील कष्ट ते हेच.

प्रदेशभेदाचेही तसेच. पश्चिम महाराष्ट्रात जी कोळपणी ती आमच्याकडे डवरणी. तिकडची खुरपणी ती इकडचे निंदण. तिकडची पेंड ती इकडची ढेप. आणि तिकडचा बांध तो इकडचा धुरा. वऱ्हाडात जाणारे साहित्य लिहिताना कंसात हे शब्द द्यायला कितीशी शाई लागते? शासनाने खते-बियाणे शेतकऱ्याच्या बांधावर पोचवण्याची योजना काढली तेव्हा आमच्या गावचा एक धुरेकरी मला म्हणाला, "बांध तं तिकडं धरणाले रायते, आमच्या धुऱ्यावर कवा येते ते सांगा." त्याला अर्थ कळत होता, तो मुद्दामच म्हणत होता. त्या मुद्दाम म्हणण्यात जे आहे ते प्रमाणभाषेच्या कैवाऱ्यांनी ऐकावे.

४

हे सारे आमच्या जिल्ह्यात घडावे याचे मला विशेष वैषम्य वाटते. मराठीतील संदर्भशिस्तीची पहिली शाळा येथूनच हाकेच्या अंतरावर, रिद्धपूरला भरली होती.

म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा संकलित केल्या त्या तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, नागदेवाचार्यांच्या साहाय्याने. लीळाचरित्र हा मराठीतील आद्य गद्यग्रंथ, हे वाक्य आपले विद्यार्थी परीक्षेत लिहितात आणि पुढील प्रश्नाकडे वळतात. हा ग्रंथ तयार कसा झाला याकडे मात्र आपण परिभाषेच्या दृष्टीने पाहिलेले नाही. म्हाइंभटांनी प्रत्येक लीळा, ती ज्यांनी पाहिली वा ऐकली होती त्यांच्याकडे जाऊन पडताळली, असे परंपरा सांगते. पुढे मूळ पोथी परचक्रात नाहीशी झाली आणि ज्यांच्या स्मरणात ती होती त्यांच्याकडून तिची पुन्हा उभारणी करावी लागली. त्यामुळे पाठभेद आले. अशा वेळी एखाद्या अभिमानी संपादकाने काय केले असते? आपला पाठ खरा म्हणून बाकीचे गाळले असते. महानुभाव लेखकांनी तसे केले नाही. कोणाचा पाठ कसा आहे हे त्यांनी 'वासना' या संज्ञेने नोंदवून ठेवले. आपण ज्याला पाठभेद म्हणतो, त्याला त्यांच्याजवळ एक स्वतंत्र पारिभाषिक शब्द होता आणि तो वापरण्याची शिस्त होती.

एवढ्यावरच ते थांबले नाहीत. केसोबासांनी लीळांतून चक्रधरांची वचने निवडून सूत्रपाठ सिद्ध केला. सूत्र एकदा प्रसंगातून सुटे झाले की त्याचा अर्थ सैल होतो, हे त्या लोकांनी ओळखले होते. म्हणून 'प्रकरणवश' हा प्रकार अस्तित्वात आला : कोणते सूत्र कोठे, कोणत्या निमित्ताने, कोणाला उद्देशून निरूपिले ते सांगणारा. त्यापुढे लक्षणबंध, आचारबंध, विचारबंध आले. हेतुस्थळ, लापनिका अशी भाष्याची अंगे वाढत गेली. भीष्माचार्यांच्या 'पंचवार्तिका'ने व्याकरणाचा विचार केला. म्हणजे संज्ञा, तिचे लक्षण, तिच्या वापराचा प्रसंग, तिचे पाठभेद आणि तिची चर्चा, अशी एक संपूर्ण संदर्भव्यवस्था मराठीत, वऱ्हाडाच्या मातीत, सहा-सातशे वर्षांपूर्वी उभी होती. ती पंथीय होती, श्रद्धेपोटी होती, हे खरे. श्रद्धा होती म्हणूनच वचनाचा एक शब्दही इकडचा तिकडे होऊ नये ही दक्षता होती. आमची श्रद्धा कशावर आहे ते ठाऊक नाही, पण दक्षता मात्र गेली.

महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ आणि इतर सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केले म्हणून आपण त्यांना नावे ठेवतो. ज्ञान लपवले म्हणतो. पण त्या लिपीला किल्ली होती. ती ज्याच्याजवळ असेल त्याला पोथी अक्षरशः जशीच्या तशी वाचता येत असे. आजच्या समीक्षेची लिपी देवनागरी आहे आणि किल्ली लेखकाच्या खिशात आहे.

विष्णु भिकाजी कोलते यांनी लीळाचरित्राची संपादित आवृत्ती १९७८ मध्ये सिद्ध केली, तेव्हापासून हे सारे साहित्य हाती घेणे सोपे झाले आहे. 'वासना', 'प्रकरणवश', 'लापनिका' या संज्ञा आधुनिक पाठचिकित्सेत आणि अर्थमीमांसेत वापरता येतील का, याची तपासणी कोणी केली? 'टेक्स्च्युअल व्हेरिअंट'ला आपण पाठभेद म्हणतो, ते चालेल. पण 'काँटेक्स्ट'ला संदर्भ, 'रेफरन्स'लाही संदर्भ आणि 'अल्यूजन'लाही संदर्भ म्हणून आपण जो गोंधळ घातला आहे, त्यात 'प्रकरण' या जुन्या संज्ञेला जागा मिळाली असती. मी ती मिळालीच पाहिजे असे म्हणत नाही. ती विचारात तरी घेतली गेली होती का, हे विचारतो. पॅरिसहून आलेला शब्द आपण उघडून पाहतो, रिद्धपूरचा पाहत नाही. कारण रिद्धपूरच्या शब्दाने पदोन्नतीची गुणसंख्या वाढत नाही.

५

पदोन्नतीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक प्रकार सांगितला पाहिजे, कारण तो नवा आहे आणि तो आपल्या परिभाषेचे दररोज नुकसान करीत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्यास आळा घालणारे विनियम आणले. साम्य दहा टक्क्यांपर्यंत क्षम्य, त्यापुढे पायरीपायरीने दंड. हेतू चांगला होता. परिणाम काय झाला? उमेदवार आता व्याख्या 'आपल्या शब्दांत' लिहू लागले. कोशातील व्याख्या जशीच्या तशी, अवतरणचिन्हांत, उल्लेखासह द्यावी आणि मग तिच्याशी वाद घालावा, ही शास्त्रीय लेखनाची रीत. त्याऐवजी व्याख्येतील शब्द बदलतात, क्रम उलटतात, 'लक्षण'च्या जागी 'वैशिष्ट्य' येते, 'अनुमान'च्या जागी 'अंदाज'. यंत्र फसते, टक्केवारी उतरते, आणि संज्ञा मोडते. मार्गदर्शकही हाच सल्ला देतात. मीच एकदा दिला आहे. गंमत अशी की, त्याच विनियमांत उल्लेखासह दिलेली अवतरणे, संदर्भसूची आणि सर्वसाधारण संज्ञा साम्याच्या मोजणीतून वगळलेल्या आहेत. म्हणजे जो नियम पाळण्यासाठी आपण संज्ञा मोडतो आहोत तो नियमही आपण वाचलेला नाही.

केतकरांचे शिक्षण अमरावतीत झाले होते, ज्ञानकोशाच्या उद्योगाचा आरंभ त्यांनी नागपुरात केला आणि मग तो पुण्याला नेला. त्या तेवीस खंडांचा अभिमान आम्ही वऱ्हाडकर अधूनमधून सांगतो. दाते-कर्व्यांनी १९४८ मध्ये 'शास्त्रीय परिभाषा कोश' काढला, म्हणजे राज्य मराठी भाषिकांचे होण्याच्याही आधी. शं. ग. दात्यांनी मराठी ग्रंथांची सूची एकहाती केली. ही माणसे साधने निर्माण करीत होती, कारण त्यांच्या हाताशी ती नव्हती. आम्हाला ती आयती मिळाली, आणि आम्ही 'अमुक विषयाची परिभाषा निर्माण करण्याची गरज' या शीर्षकाची चर्चासत्रे भरवतो.

आता २०२३ च्या अधिनियमाने रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. या दोन्ही घटनांनंतर नवे परिभाषा कोश, नव्या समित्या, नवे प्रतिशब्द यांची भाषा कानावर येऊ लागली आहे. माझी मागणी अगदी उलट आहे. पुढील काही वर्षे रिद्धपुरात एकही नवा शब्द घडवू नये. आहेत ते कोश समोरासमोर मांडावेत. एका संज्ञेसाठी कोणत्या कोशाने, कोणत्या वर्षी, कोणता पर्याय दिला. कोणत्या लेखकाने तो कोठे वापरला वा नाकारला. कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेत काय आहे, न्यायालयाच्या भाषेत काय आहे, दाते-कर्व्यांच्या 'व.' या खुणेखाली काय आहे, आणि गावात काय म्हणतात, अशी नोंद करावी. या नोंदीला 'वासना' म्हटले तरी मला आनंदच होईल. हे काम नीरस आहे, त्यात उद्घाटने नाहीत, आणि ज्याला ते दिले जाईल त्याच्या नावावर एकही 'स्वतंत्र संकल्पना' जमा होणार नाही, हे मला माहीत आहे.

त्या अकोल्याच्या उमेदवाराचा प्रबंध आम्ही दुरुस्तीसाठी परत केला होता. परवा त्याने सुधारलेल्या तळटीपा पाठवल्या. 'तिफन'ची आणि 'डवरणी'ची नोंद आता बरोबर आहे, कोशाच्या विभाग-पृष्ठासह. 'उलंगवाडी'पाशी मात्र तो अडला आहे. तो आजोबांच्या गावी जाऊन आला. तेथे एका धुऱ्यावर त्याला सांगितले गेले की, कापसाची शेवटची वेचणी झाली की ती उलंगवाडी. आणि दोन वावरे ओलांडून दुसऱ्याने सांगितले की, वेचणी नव्हे, वेचणीनंतर वावर गुरांना मोकळे होते ती. दोन्ही अर्थ सांगणाऱ्याच्या गावासह ठेवावेत, की कोशाशी जुळेल तोच ठेवावा, असे त्याने मला विचारले आहे. शिवाय दोन्ही ठेवले तर तळटीप अर्ध्या पानाची होते आणि त्याचे मार्गदर्शक ती कापा म्हणतात. मी त्याला कापू नको असे कळवले आहे. मार्गदर्शकांना काय लिहावे, ते अजून ठरत नाही.